भाकर झाली, मांडा होईना : मोडलेल्या मनगटाचं एक प्रकरण

अमळनेर-पारोळा पट्ट्यातल्या एका खेड्यातल्या मावशी. वय ५८, उजवा हात कामाचा. संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. मोरीतल्या ओल्या फरशीवर पाय सरकला आणि त्या पसरलेल्या उजव्या तळव्यावर पडल्या. मनगटाच्या वर, अंगठ्याच्या बाजूचं हाड मोडलं आणि हात पाठीमागे वाकला, काटा-चमचा उपडा ठेवल्यावर काट्याची पाठ दिसते तसा. मनगटाचं हे मोडणं सर्वांत ओळखीचं. आयरिश शल्यविशारद अब्राहम कोलिस यांनी १८१४ साली त्याचं वर्णन केलं, तेव्हा क्ष-किरणांचा शोध लागायला ८१ वर्षं बाकी होती. आजही डॉक्टर त्याला कोलिस फ्रॅक्चरच म्हणतात. कोलिस यांनी रुग्णांना एक दिलासाही देऊन ठेवला होता: हाड वाकडं जुळलं तरी कधी ना कधी हात पूर्ण मोकळा होईल आणि दुखायचा थांबेल. फिजिओथेरपीसाठी माझ्याकडे येणाऱ्या बायकांकडे पाहिलं की वाटतं, कोलिससाहेबांनी हे जरा घाईने लिहिलं.

मावशींची परवानगी घेऊन हे लिहिते आहे. त्यांना ओळखता येईल असे तपशील बदलले आहेत.

पडल्याच्या दुसऱ्या दिवशी हाडांच्या डॉक्टरांनी भूल देऊन हाड ओढून बसवलं आणि प्लास्टर घातलं. शस्त्रक्रिया लागली नाही. सहा आठवड्यांनी प्लास्टर काढलं, हाड जुळलं होतं. "आता व्यायाम करा" असं सांगून त्यांना माझ्याकडे पाठवलं. मार्चचा पहिला आठवडा होता. मावशी आल्या तेव्हा उजवा हात पदराखाली होता, आणि तपासायला मागितला तेव्हा त्यांनी तो डाव्या हाताने उचलून टेबलावर ठेवला, भांडं ठेवावं तसा.

"हाऊ हात मना नही," त्या म्हणाल्या. हा हात माझा नाही.

हे वाक्य मी नोंदवहीत लिहून ठेवलं. त्याचं वैद्यकीय वजन बरंच असतं.

पहिल्या दिवशी काय दिसलं

बोटं सुजलेली, कातडी ताणून चकचकीत, पुढचा हात, म्हणजे कोपर ते मनगट, मात्र सुकून काठीसारखा. मूठ वळेना, बोटांची टोकं तळव्यापासून चार सेंटिमीटर दूर राहायची. प्लास्टर मनगटाला होतं, पण सहा आठवडे बोटंही हलली नव्हती, कारण हात सतत गळ्यातल्या झोळीत होता आणि "हाड हलेल" ही भीती होती. खांदाही धरला होता. प्लास्टरच्या काळात बोटं, कोपर आणि खांदा दिवसातून चार-पाच वेळा हलवायचे असतात. हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं की गडबडीत ऐकायचं राहिलं, मला माहीत नाही. मी इतक्या रुग्णांकडून हेच ऐकलंय की आता प्लास्टर चढवतानाच नातेवाईकांनी विचारून घ्यावं असं मला वाटतं.

अशा हाताला पहिल्याच दिवशी तीन गोष्टी तपासाव्या लागतात. पहिली, अंगठा वर उचलता येतो का. हाड फारसं न सरकता मोडलेलं असलं तरी अंगठा उचलणारा स्नायुबंध काही आठवड्यांनी घासून तुटू शकतो, आणि तो व्यायामाने जुळत नाही. मावशींचा अंगठा उचलला जात होता. दुसरी, अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात मुंग्या येतात का. मनगटातून जाणारी मधली नस दाबली गेली तर त्या येतात. त्यांना थोड्या यायच्या, रात्री नाही. तिसरी गोष्ट मला खरी घाबरवत होती. सूज, चकाकी, इजेच्या मानाने फार जास्त दुखणं आणि हात आपला न वाटणं ही लक्षणं एकत्र आली की सीआरपीएसची (कॉम्प्लेक्स रिजनल पेन सिंड्रोम) शंका येते. या आजारात मज्जासंस्था दुखण्याचा सूर लावून धरते. हाताचा रंग आणि तापमान बदलतं, घाम येतो, नुसता कपडा लागला तरी आग होते. मावशींच्या हाताचा रंग दोन्हीकडे सारखा होता, घाम नव्हता, पदर लागला तरी आग होत नव्हती. म्हणून तो निदानाचा शिक्का मी मारला नाही. दर आठवड्याला पुन्हा बघायचं असं मात्र ठरवलं.

मापं घेतली. मनगट वर १५ अंश आणि खाली २५ जायचं. हात पालथा ६० अंश व्हायचा, उताणा २०. पकड उजवीकडे ४ किलो, डावीकडे १८.

ही सगळी मापं मी स्वतः लिहिली होती, हे मुद्दाम सांगते, कारण पुढची चूक त्यातूनच झाली.

कागद देव्हाऱ्यात

मावशींना मशीन हवं होतं. "तुमनाकडे मशीन नही शे का?" गावातल्या कोणाच्या तरी कमरेला करंट लावला होता आणि त्याला बरं वाटलं होतं. मशीन आहे, मी म्हटलं, पण तुमच्या हाताला त्याने चार आणेही फरक पडायचा नाही. त्यांना ते पटलं नाही. पंधरा किलोमीटर एसटीने यायचं, पैसे द्यायचे आणि घरी जाऊन आपणच हात हलवायचा, हा सौदा कोणालाही घाट्याचाच वाटेल.

मग मी एक जुनीच चूक केली. अकरा व्यायामांचा चित्रांसकट छापील कागद हातात दिला. पुढच्या आठवड्यात विचारलं तर सून हसायला लागली. कागद घडी घालून देव्हाऱ्यात ठेवला होता, डॉक्टरचा कागद म्हणून. अकरापैकी एकच व्यायाम चालू होता: मऊ चेंडू दाबायचा. तो सोपा, आणि टीव्ही बघता बघता होतो.

त्याच आठवड्यात शेजारच्या एका बाईने तेल लावून हात "मोकळा करून" दिला, म्हणजे जोरात पिळला. दोन दिवसांत सूज परत आली. मी रागावले नाही. सहा आठवडे बांधलेल्या हाताला कोणी हात लावला की बरंच वाटतं, आणि चोळण्याने कातडी सैल होते हेही खरंच. पण सांध्याभोवतीचं आवरण आखडलेलं असतं तेव्हा झटक्याने पिळल्यावर ते लांबत नाही, उलट चिडतं. लांबवायचं तर थोडं, पण बराच वेळ धरून ठेवावं लागतं.

कागद मी परत घेतला. तीनच व्यायाम ठेवले. पहिला, मूठ वळायची आणि पूर्ण उघडायची, दर जेवणाआधी वीस वेळा. दुसरा, टेबलाच्या कडेवर पुढचा हात टेकवून मनगट वर-खाली, शेवटच्या टोकाला दहा आकडे धरून. तिसरा, खांद्यासाठी, भिंतीवर बोटांनी वर चढत जायचं. दुखण्याचं मापही घरचंच दिलं: व्यायामानंतर वाढलेली ठणक झोपायच्या आत उतरली पाहिजे आणि सकाळी हात आदल्या दिवसापेक्षा जास्त सुजलेला नसावा. सुजेसाठी फूटपट्टी लागली नाही. उजव्या हातातली काढलेली बांगडी रोज सकाळी बोटांवरून चढवून बघायची, कुठे अडते ते लक्षात ठेवायचं. पहिल्या आठवड्यात ती बोटांच्या मधल्या पेरांवरच अडायची. तिसऱ्या आठवड्यात हातात गेली.

तीन आठवड्यांत मनगट वर ३५ पर्यंत आलं, मूठ वळली, पकड ९ किलो झाली. मी खूश होते. मावशी परत भाकरी थापायला लागल्या होत्या, दादर ज्वारीच्या, रोज चार-पाच. माझ्या हिशेबाने प्रकरण सरळ मार्गावर होतं.

पेढा

तिसऱ्या आठवड्याच्या भेटीत बाहेर बाकावर कोणीतरी नवसाचे पेढे वाटत होतं. मावशींनी पेढा डाव्या हातात घेतला. लगेच ओशाळल्या आणि उजवा हात डाव्या कोपराला लावला. मी दारातून बघत होते. उजवा हात रिकामा होता, मूठ वळत होती, पकड होती. मग प्रसादासाठी डावा हात का?

आत आल्यावर उजवा हात पुढे करायला सांगितला, तळवा आभाळाकडे. तळवा भिंतीकडेच बघत राहिला. तो वर वळावा म्हणून मावशी अख्खं अंग उजवीकडे झुकवत होत्या, कोपर पोटाशी दाबत होत्या. कोपर धरून मोजलं: २५ अंश. तीन आठवड्यांत फक्त पाच वाढले होते. पहिल्या दिवशीचा २० चा आकडा माझ्याच अक्षरात वहीत होता, आणि मी त्याच्यासाठी एकही व्यायाम दिला नव्हता.

असं का झालं? मनगट म्हटलं की वर-खाली डोळ्यांसमोर येतं. पण हात उताणा-पालथा होतो तो मनगटात नाही. पुढच्या हातात दोन हाडं असतात, आणि अंगठ्याकडचं हाड करंगळीकडच्या हाडाभोवती फिरतं, किल्ली कुलपात फिरते तसं. त्या फिरण्याचा खालचा सांधा मनगटाला अगदी चिकटून असतो, मोडलेल्या जागेच्या लगेच खाली. सहा आठवडे प्लास्टरमध्ये हात साधारण पालथाच होता. पालथं होणं परत आलं, उताणं होणं आलं नाही. भाकरी थापायला हात पालथाच लागतो. म्हणून भाकरी परत आली आणि मला फसवून गेली.

"अजून काय काय होत नाही?" हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारायचा असतो. कॅनडातल्या पॉल स्ट्रॅटफोर्ड आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली एवढ्याचसाठी एक साधी पद्धत मांडली: रुग्णाने स्वतःच तीन-चार कामं निवडायची आणि प्रत्येकाला शून्य ते दहा गुण द्यायचे. ती मला परीक्षेपासून पाठ आहे. तिसऱ्या आठवड्यात विचारलं.

"भाकर व्हस वं माय," मावशी म्हणाल्या, "पन मांडा नही व्हत."

अखजीला लेकी माहेरी येणार होत्या. खान्देशात अक्षय्य तृतीयेला अखजी म्हणतात, आणि अखजीला झोके, गौराई, आमरस आणि खापरावरची पुरणपोळी, म्हणजे मांडे. त्या वर्षी अखजी १० मेला होती. मावशींनी मांड्याला शून्य गुण दिले, चहाची बशी धरण्याला दोन, पाण्याची कळशी उचलण्याला तीन.

मांडा ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: पुरण भरलेला मऊ उंडा थोडा लाटून घेतात आणि मग तो हातांवर घेऊन वाढवतात. एका हातावरून दुसऱ्यावर, कोपरापर्यंत, हात सारखा उताणा-पालथा होत राहतो आणि पोळी स्वतःच्या वजनाने पातळ, मोठी होत जाते. मग ती उपड्या खापरावर पसरायची. मोडलेल्या मनगटाला यापेक्षा अवघड परीक्षा मी तरी बघितलेली नाही. फिरणं पूर्ण लागतं, मनगट वर वळलेलं लागतं, आणि हे सगळं ओल्या, घसरत्या वजनाखाली.

लाटणं

आधी एक गोष्ट नक्की करायला हवी होती. फिरणं अडतंय ते हाडामुळे की आवरणामुळे? कोलिस फ्रॅक्चरमध्ये अंगठ्याकडचं हाड कधी थोडं आखूड होऊन जुळतं, आणि मग दुसऱ्या हाडाचं टोक आडवं येतं. असं असेल तर व्यायामाचा हट्ट धरणं म्हणजे बंद दाराला धक्के मारणं. हाताने हलकेच शेवटपर्यंत फिरवून पाहिलं. हाड अडतं तेव्हा टक्कन थांबल्यासारखं वाटतं. इथे ओल्या चामड्यासारखी हळूहळू घट्ट होणारी अडचण होती. तरी हाडांच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी नवा एक्स-रे बघितला: हाड किंचित आखूड, पण आडवं येण्याइतकं नाही. व्यायाम करा म्हणाले.

आता व्यायाम एकच, पण वेळ बराच. खाटेवर बसायचं, कोपर काटकोनात वाकवून अंगाला चिकटवायचा. कोपर आणि अंग यांच्यामध्ये घडी केलेला टॉवेल, तो पडला तर खांदा चोरी करतोय असं समजायचं. हातात लाटणं, एका टोकाशी धरलेलं. हात सावकाश उताणा करायचा आणि लाटण्याच्या लोंबत्या वजनाला उरलेलं काम करू द्यायचं. ताण जाणवेल, कळ येणार नाही, अशा जागी पाच मिनिटं. दिवसातून चार वेळा. आखडलेलं आवरण जोराने लांबत नाही, शेवटच्या टोकाला दिवसभरात एकूण किती वेळ घालवला त्याने लांबतं. वीस मिनिटं मला कमीच वाटत होती. पण जे होईल तेवढंच लिहून द्यावं, हे देव्हाऱ्याने शिकवलं होतं.

पाचव्या आठवड्यात लाटण्याच्या जागी हातोडी आली. सहाव्यात तीच हातोडी आपल्या ताकदीने फिरवायला सांगितली, उताणी-पालथी, दहा वेळा तीनदा, एक दिवस आड. सांधा मोकळा झाला पण ताकद आली नाही तर ते फिरणं कामात टिकत नाही. वजन थोडं थोडं वाढवत न्यायची रीत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन लष्करी डॉक्टर थॉमस डिलोर्म यांनी जखमी सैनिकांवर वापरून रूढ केली. आमच्याकडे ती हातोडी, मग अर्धा भरलेला तांब्या, मग पूर्ण भरलेला तांब्या अशी चालली.

कणीक तिंबणं मी औषध म्हणूनच दिलं. आधी पाव किलो, दोन आठवड्यांनी अर्धा. इथे घरातून विरोध झाला. सून भली, सासूला काही करू द्यायची नाही. "त्यांना काही उचलू देत नाही मी," ती अभिमानाने सांगायची, आणि मला कसं बोलावं कळेना. शेवटी दोघींसमोरच म्हटलं की कणीक ही गोळी आहे, आणि गोळी दुसऱ्याने घेऊन चालत नाही. सून हसली, पण परात पुढे सरकवायला लागली.

मापं अशी सरकली:

| | सुरुवात | ३ रा आठवडा | ६ वा | ९ वा |
|---|---|---|---|---|
| मनगट वर (अंश) | १५ | ३५ | ४८ | ५५ |
| मनगट खाली (अंश) | २५ | ४५ | ५२ | ५८ |
| पालथा (अंश) | ६० | ७५ | ८० | ८० |
| उताणा (अंश) | २० | २५ | ५० | ६५ |
| पकड (किलो) | ४ | ९ | १३ | १५ |

एकूण नऊ भेटी झाल्या. कोणी म्हणेल, मोडलेलं मनगट वेळ गेला की सुटतंच, व्यायामाचं श्रेय किती? प्रश्न रास्त आहे. २०१५ साली या मोडण्यानंतरच्या उपचारांचा जो कॉक्रेन आढावा, म्हणजे झालेले सगळे अभ्यास एकत्र तपासणारा आढावा, निघाला, त्यानेही अमुक पद्धत तमुकीपेक्षा सरस असं ठामपणे म्हणण्याइतका पुरावा नाही असंच नोंदवलं. एका मावशीवरून मीही तसं म्हणणार नाही. वरच्या तक्त्यातली चौथी ओळ मात्र बघा. पहिल्या तीन आठवड्यांत बाकी सगळं वाढलं, उताणा हात पाच अंश. ज्या आठवड्यात त्याच्यासाठी काम सुरू झालं त्यानंतरच तो हलला. वेळ तर सगळ्या ओळींना सारखाच मिळाला होता.

पाय

मधेच एक गोष्ट, जी हाताच्या प्रकरणात विसरली जाते. पाळी गेलेली बाई उभ्या उंचीवरून पडते आणि हाड मोडतं, म्हणजे हाडाची चौकशी करायलाच हवी. मावशींची हाडांची घनता तपासायला पाठवलं. टी-स्कोअर उणे २.७ आला, उणे २.५ किंवा त्याखाली गेला की हाडं ठिसूळ झाली असं धरतात. गोळ्या फिजिशियननी सुरू केल्या. मी पायांचं घेतलं: खाटेवरून हात न टेकता उठणं-बसणं दहा वेळा, आणि चौकट धरून एका पायावर उभं राहणं. सुरुवातीला तीन सेकंद जमायचं. मनगट मोडलेल्या बाईचं पुढचं पडणं खुब्यावर असू शकतं, आणि खुबा मोडला की घर बदलतं. मोरीत खरखरीत फरशी आणि एक आडवा पाइप बसवून घ्यायला मुलाला सांगितलं. पाइप बसला. फरशीचं अजून "पुढच्या महिन्यात" चाललंय.

अखजीनंतर

अखजीच्या चार दिवसांनी मावशी आल्या. बाहेर ४३-४४ अंश ऊन, डोक्यावर ओला टॉवेल. पिशवीत फडक्यात गुंडाळलेला मांडा होता, माझ्यासाठी.

मांडे त्यांनी केले. सगळे नाही. पहिला हातावरच फाटला. मग उंडा लहान घेतला आणि सहा केले, बाकीचे सुनेने, त्यांनी समोर बसून शिकवत. आकार नेहमीपेक्षा लहान होता, हे त्यांनी तीन वेळा सांगितलं. रात्री मनगट ठणकलं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत उतरलं. बांगडी सकाळी नेहमीसारखी गेली. मांड्याचे गुण त्यांनी सहा दिले. मी सात सुचवले तर मान हलवली.

डावा हात ८५ अंश उताणा होतो, उजवा ६५ वर आहे. शेवटचे काही अंश कदाचित यायचे नाहीत. हाड थोडं आखूड जुळलंय त्याची ती किंमत असेल. खापरापाशी जमिनीवर बसल्यावर हात टेकून उठताना मात्र करंगळीच्या बाजूला अजून कळ येते, आणि ती त्यांनी मला या भेटीत पहिल्यांदा सांगितली, मांडा हातात दिल्यावर. भिंतीवर तळवे टेकून अंगाचं वजन द्यायचा व्यायाम सुरू केला आहे. पुढच्या महिन्यात भिंतीऐवजी टेबलाची कड.